मागच्या पत्र्यावरची थाप

आधीच सांगते, मी भुताखेतावाली बाई नाही. माझे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडून आले. त्या टोपलीसोबत भूत, चेटूक, नजर, उतारा... सगळंच गेलं. लहानपणी आम्ही भावंडं मागच्या आवारातल्या आवाजाला भ्यालो की वडील हातात कंदील द्यायचे आणि म्हणायचे, "जा, पाहून ये. काय हाय तं मले सांग." आम्ही पाहून यायचो. कधी मांजर, कधी वाऱ्याने हललेलं टिन. तेव्हापासूनची माझी सवय, आवाज आला की उठून पाहायचं. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात विचारते, अरे बाबा, तू उठून पाहिलं का?

तर आता माझंच ऐका. मी पाहिलं होतं.

आमचं गाव मूल. चंद्रपूर रोडवर राईस मिलला लागून आमचं टिनाचं गॅरेज होतं. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, मिस्त्री. सगळं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणायचं, मी पण. इंजिनाचं काम त्यांचं, सीटा आणि ताडपत्रीचं हूड शिवायचं काम माझं. मला कोणी शिकवलं नाही. एक फाटकी सीट उसवली, कशी जोडली होती ते ध्यानात ठेवलं, झालं. तिसरे सत्तारभाई, डेंटिंग-पेंटिंगवाले. त्यांचं शेड आमच्या बाजूलाच. मिलचा कोंडा दिवसभर उडून ओल्या रंगावर बसायचा, म्हणून सत्तारभाई मिल बंद असेल त्या दिवशीच रंग मारायचे आणि बाकीचे दिवस मिलवाल्याला शिव्या देण्यात घालवायचे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मिस्त्री तेव्हा थकले होते. एका दिवसाचं दमणं नव्हे ते, आतून थकले होते. उजव्या हाताला मुंग्या यायच्या, पाना हातातून सुटायचा. गाडीखाली गेले की बाहेर निघायला माझा हात लागायचा. मी पाठ शेकत बसायची आणि ते भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "बस झालं आता." सकाळ झाली की शटर पुन्हा वर. चंद्रपूरला दिलेली आमची संगीता दर वेळी डोळ्याला पदर लावायची, बाबा सोडा आता म्हणायची. शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हातातली जीप इकली का शटर खाली. मंग उघडनार नाई."

मला तेवढंच पाहिजे होतं. ती जीप विकली जावी आणि या माणसाने खाटेवर बसून निवांत चहा प्यावा. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

जीप मिलिटरीची होती, फार जुनी, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. धानोऱ्याच्या एका लाकूड ठेकेदाराने ती कधी काळी मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. तो वारला, आणि जीप त्याच्या आवारात मोहाच्या झाडाखाली तशीच उभी राहिली. आम्ही आणायला गेलो तेव्हा बोनेटवर मोहफुलं वाळत घातली होती आणि मागच्या बाकावर कोंबडी अंड्यावर बसली होती. कोंबडी उठेपर्यंत थांबावं लागलं... ठेकेदाराची सून हातच लावू देईना. पण इंजिन मूळचं होतं, पेट्रोलचं. मिस्त्रीने बोनेट उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा संगीता झाली तेव्हा झाला होता. मी तेव्हाच समजले, आता हे लवकर निघत नाही.

सगळा पावसाळा त्या गाडीने खाल्ला. सत्तारभाईंनी रंगाचे थर खरडले. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा हिरवा. मिस्त्रीने ब्रेक नवे केले, कार्बोरेटर तर किती वेळा उघडला असेल. मी जाड ताडपत्रीचं हूड शिवलं, बोटाला सुई लागून लागून अंगठा काळा पडला होता. पण गाडी उभी राहिली तेव्हा मिलचे हमालसुद्धा पोती टाकून बघायला आले. नागपूरच्या एका डॉक्टरांना जुन्या गाड्यांचा शौक होता, त्यांनी निरोप पाठवला, तयार झाली की बघायला येतो.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं एसटी कमी आणि रस्ते जंगलाचे. माणसं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून जातात. क्लीनर मागे लटकलेला असतो, ड्रायव्हरला तो दिसत नाही. म्हणून तो पत्र्यावर हाताने थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोनदा थाप म्हणजे जाऊ दे. गॅरेज टाकायच्या आधी मिस्त्रीने कित्येक वर्षं मूल-गडचिरोली अशी जीप चालवली होती. त्यांच्या कानाला थाप ऐकू आली की डोकं विचार करायच्या आधी पाय ब्रेकवर जायचा. एकदा जेवताना बाजूच्या घरी कोणी दारावर थाप मारली, तर पाटावर बसल्या बसल्या जमिनीवर पाय दाबला त्यांनी. आम्ही हसून हसून मेलो होतो.

पहिल्या ट्रायलला मी आणि मिस्त्री दोघंच निघालो. सकाळची वेळ, चंद्रपूरच्या रस्त्याला, जंगलात. ते डावीकडं स्टिअरिंगवर, मी उजवीकडं. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ड्रायव्हरला समोरच्या ट्रकच्या पलीकडचं दिसत नाही. म्हणून पलीकडं बसणाऱ्याने सांगायचं, "खाली हाय, काढा." ते काम माझं. गाडी छान चालली होती. आणि मागून थाप आली. एक.

मिस्त्रीने गाडी थांबवली.

"काऊन थांबले?" मी विचारलं.

"वाजवलं न तू."

"मी तं तुमच्या बाजूले बसली हावो."

दोघांनी मागे वळून पाहिलं. बाक रिकामा. मी खाली उतरले, मागे गेले, पत्रा हाताने दाबून पाहिला. घट्ट. तेवढ्यात सागाच्या झाडाखालून एक म्हातारा आला, चपला हातात, छत्री काखेत. काही न विचारता मागे पाय ठेवला, चढला, बाकावर बसला आणि स्वतःच पत्र्यावर दोनदा थाप मारली. चला म्हणून. मिस्त्रीने गिअर टाकला. आमच्याकडं याच्यात नवल काही नाही, गाडी थांबली म्हणजे आपल्यासाठीच थांबली असं माणसं समजतात. म्हातारा लोहाऱ्याला उतरला. आम्ही आवाज विसरून गेलो. गोटा उडून लागला असेल म्हटलं.

मग असंच दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. दर वेळी कोणीतरी रस्त्याच्या कडेला असायचं, आणि दर वेळी ते आम्हाला थाप आल्यावरच दिसायचं. झाडाआड मोळी उतरवून बसलेली बाई. पायाला फडकं बांधलेला गडी. मी एकदा मुद्दाम मागे बसले, पत्र्यावर हात ठेवून. थाप आली तेव्हा पत्रा माझ्या तळहाताखाली थरारला. हूड शिवताना सुई आतून टोचली की कसं कळतं, तसं. आणि मी उघड्या डोळ्याने बघत होते. कोणी नव्हतं.

मी घाबरले का? खरं सांगू, नाही. मला राग आला. कारण डॉक्टर यायचे होते.

डॉक्टर आले. माणूस सभ्य, पांढरे बूट. मिस्त्री चालवायला, डॉक्टर बाजूला, मी आणि सत्तारभाई मागे. गाडी जंगलात शिरली आणि थाप पडली. सत्तारभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं. गाडी थांबली. कडेला एक बाई, सोबत बकरी. बाईने आधी बकरी चढवली, मग स्वतः चढली.

"अवो बाई, ही पॅसेंजर गाडी नोय," सत्तारभाई म्हणाले.

"थांबली न? मंग." बाई बसली आणि पत्र्यावर दोनदा थाप दिली.

डॉक्टरांनी मान वळवली. बकरीने माझ्या नव्याकोऱ्या रेक्झिनवर जे करायचं ते केलं. डॉक्टर मिस्त्रींना म्हणाले, "तुम्ही मध्येच ब्रेक का मारला?"

"थाप आली जी."

"कोणी मारली?"

काय सांगणार? डॉक्टर उतरताना म्हणाले, गाडी मला आवडली आहे, पण मागे काहीतरी सैल आहे, तो आवाज काढून द्या, मग नेतो.

झालं. पुन्हा सगळं सुरू. मागची अख्खी बॉडी उतरवली. एकेक बोल्ट नवा. पत्र्याच्या सांध्यात रबराची पट्टी. गाडीखाली पडून मिस्त्री काम करायचे आणि मी टॉर्च धरून उभी राहायची. हाताच्या मुंग्या आता खांद्यापर्यंत आल्या होत्या. घास तोंडात नेताना हात कापायचा, मग ते डाव्या हाताने जेवायला लागले आणि मी न पाहिल्यासारखं करायला लागले. मी म्हणायची, "आइकता का, भंगारात द्या ते धूड." ते म्हणायचे, "संगीताले शब्द देल्ला. इकूनच शटर खाली." सत्तारभाई बिचारे रोज येऊन बसायचे. म्हणायचे, "भाबी, ही गाडी नाई, ही सवत हाय तुमची." आणि बॉडी पुन्हा बसवून बाहेर काढली की पहिल्याच फेरीला थाप. एक. आणि कडेला माणूस.

शेवटी मीच म्हटलं, धानोऱ्याला जाऊन विचारू. मला वाटलं होतं असा कोणी क्लीनर असेल या गाडीवर, दयाळू माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून घेणारा. मेला असेल बिचारा. भुतावर विश्वास नाही, पण माणसाच्या सवयीवर माझा विश्वास आहे... असं काहीतरी मी मनाशी जुळवून ठेवलं होतं.

ठेकेदाराच्या मुलाने चहा दिला आणि हसला. "क्लीनर? बाबूजीनं कदी क्लीनर ठेवलाच नाई. आनं माणसं कुठी बसवत होते ते. सीट खराब होते म्हनत."

आवारात एक म्हातारा बांबूचा ताटवा विणत बसला होता. तो मान वर न करता बोलला, "आमी हात दाखवून दाखवून थकलो, बाई. बजारचा दिवस असो, पाऊस असो, बाई बाळंतपनाची असो. ते गाडी धूळ उडवून जाये. थांबली नाई कदी."

मिस्त्री म्हणाले, "आता थांबते, बुढा."

म्हाताऱ्याने विणायचं थांबवलं. मिस्त्रींकडं पाहिलं. "थांबते? बरं झालं मंग," म्हणाला आणि पुन्हा बांबूला लागला.

येताना बसने निघालो. मी जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं विस्कटलं होतं. वैनगंगेचा पूल आला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "अवो संगीताची माय, आवाज माझ्याच्यानं निघनार नाई. मी डॉक्टरले खरं सांगतो."

पीसीओवरून फोन केला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ठेवून देतील. पण ते म्हणाले, "मिस्त्री, आवाजासकट आणा."

दिवाळी होऊन धान कापणी चालू होती तेव्हा निघालो. सिंदेवाहीवरून नागभीड, तिथून उमरेड, नागपूर. गाडी देऊन बसने परत यायचं आणि शटर खाली. मी संगीताला तसा निरोपही दिला होता. मिस्त्री चालवायला, मी उजवीकडं, सत्तारभाई मागे. त्यांच्या दोन्ही हातांत रंगाचा उघडा-बंद होणारा जुना डबा. पोचल्यावर कुठं ओरखडा दिसला तर लावायला आणला होता, झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे.

सिंदेवाही मागे पडली. त्या दिवशी मिस्त्री फार बोलत होते. खाटेला नवी निवार घ्यायची, अंगणात बसायची जागा करायची, चहात साखर तू कमी टाकते, संगीताकडं गेलो की गोड पितो. मी म्हटलं, "आदी पोचा तं." पुढे धानाच्या भाऱ्यांनी लादलेला ट्रॅक्टर चालला होता. त्या ठिकाणी रस्ता तळ्याच्या पाळीवरून जातो. डाव्या हाताला पाणी, काठोकाठ भरलेलं. मी मान काढून पुढे पाहिलं, रस्ता मोकळा होता.

"खाली हाय, काढा," मी म्हटलं.

आणि थाप आली. एक. नेहमीपेक्षा जोरात.

मिस्त्रीने ब्रेक मारला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. ट्रॅक्टर पुढे निघून गेला. मी वैतागून म्हटलं, "सत्तारभाई, पाहा वो कोन हाय."

सत्तारभाई डबा घेऊनच वाकले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "कोई नई है, भाबी. ना बाई, ना बकरी."

खरंच कोणी नव्हतं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धान कापलेली बांधी, लांबपर्यंत सपाट. झाडसुद्धा नव्हतं कोणी आडोशाला बसायला. दर वेळी कोणीतरी असायचं, या वेळी कोणी नाही. मी मिस्त्रींना म्हटलं, "चला, कोनी नाई." ते बोलले नाहीत. मी पाहिलं तर त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला होता. ते त्या हाताकडं असं पाहत होते, जसा तो दुसऱ्याचा आहे. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काही म्हणायचा प्रयत्न केला, नुसता आवाज निघाला.

सत्तारभाईंच्या हातातला डबा सुटला. हिरवा रंग मी शिवलेल्या मागच्या बाकावर सांडला, तो मला अजून दिसतो. दोघांनी मिळून मिस्त्रींना मागच्या बाकावर आणलं. त्या रंगातच बसून मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सत्तारभाई स्टिअरिंगवर जाऊन बसले, चावी फिरवली आणि तसेच थांबले. मागे बघत होते, मी काही सांगायची वाट पाहत होते.

मी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

गाडी निघाली. नागभीडच्या दवाखान्यात, तिथून गाडी करून चंद्रपूरला. तिथले डॉक्टर म्हणाले लकवा आहे, मेंदूला मार बसला. चालत्या गाडीत झालं असतं तर, असं काहीतरी ते म्हणत होते. मी ऐकलं नाही. मी ती पाळ पाहिली होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मी सत्तारभाईंना एकदाच विचारलं, "भाऊ, तुमी तं नाई वाजवलं?"

त्यांनी हिरवे झालेले दोन्ही हात पुढे केले. "भाबी, कायसे वाजवणार?"

जीप नंतर सत्तारभाईंनीच नागपूरला पोचवली. रंगाचा डाग काढून देतो म्हणाले, तर डॉक्टरांनी राहू द्या म्हटलं. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला होता, तब्येत विचारायला. मी आवाजाचं विचारलं. म्हणाले, नाही, आमच्याकडं एकदाही नाही आला. आम्ही तिला शहरातच फिरवतो, रविवारी. मी म्हटलं, बरं.

शटर खाली गेलं. मिस्त्रींनी शब्द पाळला. आराम मिळाला, पण हा नव्हता मागितला आम्ही. उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि वाचाही आली नाही. ओसरीवर लोखंडी खाट टाकली, नवी निवार घेतली. चहात मी साखर दुप्पट टाकायला लागले. पहिल्यांदा फार त्रास झाला, त्यांना काय पाहिजे कळायचं नाही आणि ते चिडून रडायचे. मग एक दिवस मी आत पोळ्या करत होते आणि खाटेच्या लोखंडावर थाप आली. एक. मी तव्यावरची पोळी टाकून बाहेर आले. डाव्या हाताने मारली होती. पाणी पाहिजे होतं. पाणी पिऊन झालं तरी मी तिथंच उभी राहिले, तर दोनदा थाप मारली. जा, तुझं काम कर म्हणून. आणि तोंडाच्या चांगल्या अर्ध्या बाजूने हसले.

आमचा संसार पुढची सगळी वर्षं त्या थापांवर चालला. सत्तारभाईसुद्धा यायचे आणि उठताना विचारायचे, "काय मिस्त्री, निघू का?" दोनदा थाप पडली की निघायचे. एक पडली की पुन्हा टेकायचे.

मिस्त्री गेले त्यालाही आता बराच काळ झाला. झोपेतच गेले, खाटेवर. मी मूलमध्येच राहते, संगीता बोलावते पण माझा जीव लागत नाही. खाट ओसरीवर तशीच आहे. तिथून समोरचा रस्ता दिसतो, एसटी थांबते ती जागा दिसते. शेड कोणी बांधलं नाही तिथं अजून.

आता शेवटचं. हे मी कोणाला सांगितलं नाही, सत्तारभाईंना सोडून. कधीमधी, भर दुपारी, मी आत पडलेली असते आणि खाटेच्या लोखंडावर थाप ऐकू येते. एक. लोखंड उन्हाने तापून वाजत असेल, मला माहीत आहे. चिमणी बसत असेल. सत्तारभाई म्हणतात, त्यांचा नातू खेळताना मारत असेल... तो तर शाळेत असतो त्या वेळी. मी जीपचा विचार करते, त्या ताटवेवाल्या म्हाताऱ्याचा करते, पाळीवरच्या मोकळ्या रस्त्याचा करते. काही जुळत नाही. गाडी कोणाची सवय घेऊन आली होती, ती कोणासाठी थांबली, आणि गाडी नागपूरला गेली तर हे इथं काय राहिलं, मला खरंच सांगता येत नाही.

सवय मात्र वडिलांनी लावलेली आहे. मी उठते. तांब्या भरून घेते आणि उन्हात कोण उभं आहे ते बाहेर जाऊन पाहते.